रिकामं चालेल

नव्या आवृत्तीच्या सूचनांत, पार खाली,
एका ओळीत उरकलं होतं:
हा प्रकार निवृत्त. पर्याय शेजारी दिला आहे.

मे महिना. परसोडीचं ऑफिस, चौथा मजला.
एसी गेलेला, म्हणून कुठूनसा आणलेला कूलर
आणि त्याच्या ताट्यांचा ओला वाळा
सर्व्हरच्या खोलीपर्यंत दरवळत होता.
निखाडे म्हणाला, "सोपं आहे बे.
जुनं नाव शोध, नवं टाक,
डबा उघडायच्या आत होऊन जाते."

हातमाग सर्वेक्षण, चाळीस रकाने.
त्यातले बरेच हो-नाहीचे, सरळ स्वभावाचे:
वीज आहे? हो. कर्ज आहे? नाही.
तीनच रकाने त्या जुन्या जातीचे,
ज्यांच्या घरात जन्मापासून तिघं नांदत:
हो, नाही,
आणि एक जो बोलतच नाही.

माग चालू आहे का?
या प्रश्नाखाली सहाशे बारा गप्प निघाले.
यादी खाली ओढायच्या आधीच मला माहीत होतं
त्यात तांडापेठ असणार,
तांडापेठेत पराते, लहानुजी कवडुजी.

तेव्हा मी दहावीत.
सर्वेवाला चपला न काढता उंबऱ्यावरच उभा.
मागाच्या खड्ड्यावर फळ्या टाकून झाल्या होत्या,
फळ्यांवर फ्रिज, फ्रिजवर किस्तीचं कार्ड.
फणी खिळ्याला. धोटा आईच्या सुयांच्या डब्यात.
"माग चालू आहे?"
"बंद नाही ना जी."
"मग चालू लिहू?"
"चालू कुठं हाय."
पेन हवेत थांबलं.
"फ्रिज सरकवला का बसतोच मी," बाबा म्हणाले,
आणि खरंच फ्रिजकडे पाहिलं,
जसं काही आत्ताच सरकवायचा आहे.
त्याने पेन खिशाला अडकवलं. रकाना तसाच.
पुढे कोणा ऑपरेटरने तो कागद भरताना
ते रिकामं जसंच्या तसं उचलून ठेवलं.
त्याचे उपकार.

"या सगळ्यांना नाही करून टाकू का?"
मी विचारलं, उगाच, ऐकायला कसं वाटतं ते बघायला.
"कर ना, रिपोर्ट साफ दिसल."
एक ओळ लागते त्याला.
सहाशे बारा माग बंद पडतात
आणि खटका एकाचाही ऐकू येत नाही.

मी सूचना परत वाचल्या.
नवा रकाना साधाच, हो-नाहीचा.
तिसऱ्यासाठी वेगळी जात आता नाही,
पण ज्याला तो हवा त्याने
शेजारी आपल्या हाताने लिहायचं: रिकामं चालेल.
आधी हे नावातच मुरलेलं होतं,
कोणी म्हणायची गरज नव्हती.
आता कोणीतरी म्हणावं लागतं.

म्हटलं. तीन ठिकाणी.
मायग्रेशन चाललं, डोळा मिटेपर्यंत संपलं.
खाली टेबलात एक अक्षर हललं नाही,
सहाशे बारा जागच्या जागी.
कमिटखाली माझं नाव आलं,
मधे बाबांचं.

जुनं नाव मात्र पूर्ण पुसता येत नाही.
मागच्या नोंदी अजून त्याच नावाने हाक मारतात,
म्हणून चौकटीत त्याचं टरफल ठेवलंय.
नव्याने कोणी काम सांगितलं तर
ते एवढंच सांगतं, मी आता करत नाही, शेजारी विचारा.

घरी नऊ वाजले.
"काय करून राहिली होती आज?"
"एक जुना प्रकार काढला."
"मंग त्याच्या जागी?"
"तोच. फक्त सांगून."
"अन् बदललं काय?"
"काही नाही."
"याचे पैसे देतेत तुले?"
बाबा हसले, खाली वाकले,
फ्रिजच्या डाव्या पायाखालची पाचर
अंगठ्याने आत ढकलली.
त्या बाजूची फळी अजून दबते.