इंधनाचा नमुना

रोज सकाळी टाकीच्या तळातून
पेलाभर पेट्रोल काढायचं, उजेडात धरायचं.
निळं असतं ते, फिकट,
शाईची दौत विसळल्यावर पाणी होतं तसं.
पाणी शिरलं असेल तर तळाला बसतं,
मण्यासारखं, वेगळं.
त्या दिवशी नव्हतं.
हे मी दिल्लीहून आलेल्या दोघांना सांगितलं,
ठाण्यात सांगितलं, विम्याच्या माणसाला सांगितलं,
आणि रात्री मोरीत हात धुताना पुन्हा,
जिथं कुणी विचारलंही नव्हतं.

शर्वरी भामरे, मूळची सटाण्याची.
आईने ओझरला खोली घेतली होती तिच्यासाठी.
बत्तीस तास चाळीस मिनिटं भरली होती तिची.
उडायच्या आधी पोटात कालवतं म्हणून
डबा माझ्याकडे ठेवून जायची,
पंपाच्या खोलीत, ग्रीसच्या डब्यांशेजारी.
‘गांगुर्डे काका, उतरल्यावर.’
कॅप्टन बलसारा स्वतःच्या रुमालाने काच पुसत म्हणायचे,
‘खाऊन घे पोरी, वजनाचा हिशेब चुकतो माझा.’

नऊ वाजून सात मिनिटांनी विमानाने धावपट्टी सोडली.
रामशेज डाव्या पंखाखाली आला की वळायचं,
एवढं आम्हा जमिनीवरच्यांनाही पाठ.
वळणाचा आवाज मी पाठमोराच ऐकतो,
मान वर करत नाही, नळी गुंडाळत असतो.
आवाज आला नाही.
वाटलं, वारा फिरला असेल.
नळी पूर्ण गुंडाळली मी.

जानोरीच्या शिवारात छाटणी उरकली होती,
सुरगाण्याच्या बाया काड्यांना पेस्ट लावत होत्या.
त्यातली एक नंतर म्हणाली,
दमलेलं पाखरू बसायला येतं ना, तसं आलं.
मग तारांनी धरलं.
पंचनाम्यात आहे : वेली एकोणसाठ, अँगल बावीस.
बागवाल्याने भरपाई मागितली नाही.
पण पुढच्याच आठवड्यात तारा ओढून घेतल्या त्याने,
घ्याव्याच लागतात,
डोळे फुटायला आले होते.

दुपारी पंपाला सील ठोकलं.
बाटलीत नमुना घेतला,
लाखेवर शिक्का, खाली माझी सही.
खोलीतल्या मांडणीची यादी केली, पाना, फनेल, बादल्या तीन.
डबा यादीत नव्हता.
कसा आला नाही, मला माहीत नाही. मी त्याच्यापुढे उभा होतो.

संध्याकाळी उघडला.
दोन बाजरीच्या भाकरी, मटकीची उसळ,
कागदात गुंडाळलेला गुळाचा खडा.
फेकवेना. कुत्र्याला घालवेना.
उभ्यानंच खाल्लं.
मीठ जरा कमी होतं.
मग नळाखाली डबा घासला, तीनदा,
माझ्या हातांचा वास जाईना म्हणून.

चौदाव्या दिवशी आई आली, सामान न्यायला.
लॉगबुक चौकशीत अडकलेलं. मिळालं ते एवढंच :
एक स्वेटर, चष्म्याची रिकामी केस,
आणि मी पुढे केलेला डबा.
तिने झाकण उघडलं, आत बघितलं.
इंजिनाचं विचारलं नाही, हवेचं नाही,
बलसारांचंही नाही.
‘खाल्लं होतं का तिनं?’

‘हो,’ म्हटलं, ‘जायच्या आधी. सगळं.
मीठ कमी आहे म्हणाली.’

बाई तशीच उभी राहिली.
मग हळूच मान हलवली.
‘घाईत झालं हो,’ म्हणाली. ‘मला बसमध्ये आठवलं.’

अहवाल अकरा महिन्यांनी आला.
इंधन स्वच्छ, असं एक वाक्य आहे त्यात, पान एकोणीसवर.
बाकीचं इंजिनाविषयी आहे,
मला कळलं तेवढं वाचलं.

आता नवी मुलं आलीत.
डबे इथंच ठेवायला बघतात.
मी पेला उजेडात धरलेला असतो,
तसाच, न वळता, सांगतो :
आधी खा.
इथं बस आणि माझ्यासमोर खा.