मे महिन्यात गोधडी

एकतीस वर्षं मी पारा वाचला.
सकाळी सात, दुपारी दोन,
विद्यापीठाच्या मळ्यात
पांढऱ्या झडपांच्या पेटीपुढं उभं राहून.
बेचाळीस पूर्णांक चार.
चव्वेचाळीस पूर्णांक एक.
आकडा वहीत उतरला की माझं काम संपायचं,
उन्हाचं नाही.

आता टेम्पो घेतलाय,
बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याचा.
लग्नसराईत हा परभणीभर ओली रेघ ओढत जायचा,
मागं पोरं पळायची
गळत्या पाण्याखाली ओंजळ धरून.
द्वारकानं एकदा सगळीकडून फिरून पाहिला,
चाकाला पायानं ठोसलं
आणि विचारलं, “ह्यात न्हाणीघर कुठंय?”

न्हाणीघर नाही.
दोन बाकडी आहेत, भिंतीला मिटणारं टेबल,
टपावर शंभर लिटरची टाकी
आणि जिंतूर रोडच्या खय्यूमनं
स्वतःच्या मर्जीनं ठोकलेली एक खिडकी, जरा तिरकी.
“चाचा, घाटात ह्यो दम टाकंल,” तो म्हणाला,
“दुसऱ्यावरच ठेवा.
आन् रेडिओ बंद.
इंजिन काय म्हणतंय ते ऐकू आलं पाह्यजे.”

रात्री गच्चीवर नकाशा पसरतो आम्ही.
चार कोपऱ्यांवर चार वाट्या.
हिंगोली, वाशीम, अकोला, परतवाडा,
मग वळणं, मग चिखलदरा.
पहाटे तीनला निघायचं.
अकोल्यात चहालाही थांबायचं नाही,
अकोला आपल्यापेक्षा वरचढ,
एवढं मला वहीतून ठाऊक आहे.

वनखात्याच्या माणसानं फोनवर विचारलं,
“गाडीतच झोपणार? खोली कामून नको?”
मी म्हणालो, खोली इथंही आहे.
तो बराच वेळ काही बोलला नाही,
मग म्हणाला, अस्वलं येतात, डबे उघडे ठेवू नका.
हे मी द्वारकाला सांगितलेलं नाही.

तिची यादी कॅलेंडरच्या पाठीवर:
येसराची पुडी, ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी,
धपाटे पहिल्या दिवसापुरते,
“नंतर तुम्ही करायचं,” याला दोनदा अधोरेखित.
सगळ्यात वर गोधडी.
मी म्हणालो, अगं, मे महिना.
“म्हणूनच,” ती म्हणाली,
“डिसेंबरात कोणीही घेतं.
तुमच्या वहीत पाच अंश लिहिलेत तेव्हा
मीही घेतलीच होती.
मला मेमध्ये घ्यायचीय.
पाय आत ओढून.”

यादीच्या तळाशी मी लिहिलं: थर्मामीटर.
तिनं खोडलं.
मी पुन्हा लिहिलं, बारीक अक्षरात.
तिनं पुन्हा खोडलं, जाड.
डोईफोडे सर जिन्यातून ओरडले,
“त्या पैशात दोन कूलर आले असते!”
आले असते.
कूलरला घाट कुठला, सर.

काल रात्री चाचणी म्हणून
दारातच टेम्पोत झोपलो.
गल्लीतली कुत्री आधी भुंकली, मग चाकांपाशी पसरली.
तिरक्या खिडकीतून पाण्याची टाकी दिसत होती समोरच्यांची,
आणि तिच्यावर चंद्र, अर्धवट.
फळ्यांच्या फटीत अजून लाकडाचा भुसा आहे,
खय्यूमला निघाला नाही.
त्याचा ओलसर वास येत होता,
किती वर्षांपूर्वी वितळलेल्या लाद्यांचा.

द्वारका कुशीवर वळली.
“गार वाटतंय नं जरा?”
थर्मामीटर उशाखालीच होता, पंचात गुंडाळलेला.
एकतीसच्या खाली नसणार, मी जाणतो,
भिंती पहाटेपर्यंत उष्मा सोडत राहतात.
हात उशीपर्यंत गेला.
“हो,” म्हणालो, “जरा आहे.”

तिनं गोधडी घोट्यांपर्यंत ओढली,
तेवढीच.

सकाळी खय्यूमला सांगायचंय,
मागच्या दाराची कडी
आतून लागत नाही.