पाऊणकी

गुरुजींनी बेचा पाढा शिकवायच्या आधी
बाबांनी आम्हाला पाऊणकी शिकवली.
एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड,
कारण भरती पाऊणकीने चालते:
तिथीला पाऊणने गुणलं की जे येईल
तेवढ्या वाजता मांडवी काठोकाठ.
चतुर्थीला तीन. अष्टमीला सहा.
चोडणात थोडं उशिरा, बाबा म्हणत,
पाण्यालासुद्धा फेरीबोट मिळावी लागते.

आमच्या घरात जेवणाला वेळ नव्हती,
होती ती रोज पाऊण तास पुढे सरकायची.
कधी दिवेलागणीला शीत-कढी, कधी मध्यरात्री
आई झोपेतून उठवून
हातावर भाजलेलं सुंगट ठेवायची, चटका बसेल असं,
आणि सकाळी हजेरीला मी जांभई द्यायचो.
"वडील काय करतात रे तुझे?"
उभा राहून म्हणालो,
समुद्राला आत घेतात आणि बाहेर सोडतात.
वर्ग हसला.
गुरुजी हसले नाहीत. ते दिवाडीहून यायचे.

खरंच तर होतं ते.
बांधाच्या पोटात मानस, तिला दोन काळी दारं,
अलीकडे खाजनातलं पाणी, पलीकडे नदी.
बाबा कंदील घेऊन जात. बऱ्याच वेळाने
अंधारातून दारांचा आवाज यायचा,
म्हातारं माणूस कुशीवर वळताना करतं तसा,
आणि मग पाणी, पाणी.
ट्रंकेत पावणीची पावती होती, तिच्यावर बाबांचं नाव: फटी.
आम्हाला वाटे, नदीच घेतलीय त्यांनी
वर्षाच्या कराराने.

मग माघातल्या एका द्वादशीला त्यांना ताप भरला.
बारा पाऊण नऊ.
आई कपाळावरच्या पट्ट्या बदलत होती.
कायतानमाम जाळं बांधून गेला, त्याच्या घरी लादाइन होती,
म्हणाला, दारं उघडली की हाक मारा.
सत्यवती अकरा वर्षांची, मी नऊ,
आणि दारं उघडायची कशी
हे विचारायचंच राहून गेलेलं.

कडी शोधली. दोर शोधला. एखादं चाक तरी.
सत्यवतीने काठीने ढोसून पाहिलं.
चांदण्यात एक कुर्ली
भिंतीवरची ओली रेघ ओलांडून खाली गेली.
मी रडायच्या बेतात होतो,
आता समुद्र आतच राहणार,
शेतं खारट होणार, आणि सगळ्या गावाला कळणार.

तेव्हा, कुणी हात न लावता,
दार कण्हलं.
आतल्या पाण्याने उतरत्या नदीला
जरा सरक म्हटल्यासारखं
आधी बोटभर, मग हातभर,
आणि मग दुसरं दारही.

जाळं फुगलं. कंदिलाच्या उजेडात सुंगटांचे डोळे,
लाल, शेकडो,
आणि आम्ही हाक मारायचं विसरून उभे.
म्हणजे बाबा इतकी वर्षं
इथे नुसते बसून राहायचे?
सत्यवती म्हणाली, सांगायचं नाही.
कुणाला?
बाबांना.

घरी आलो तर ते जागेच.
"उगडली?"
"हो," सत्यवती म्हणाली, "जड होती खूप.
दोघांनी मिळून उघडली."
ते भिंतीकडे तोंड करून वळले.
चादरीखाली खांदे हलत राहिले कितीतरी वेळ.
ताप असेल, असं तेव्हा वाटलं.

आता म्हापशात तिसऱ्या मजल्यावर
मी बरोबर साडेआठला जेवतो.
काल रात्री वास्कोहून सत्यवतीचा फोन. विशेष काही नाही,
गुडघा, गॅसचं बुकिंग, नातवाची परीक्षा.
मध्येच थांबली.
"आज दशमी ना रे?"
दहा पाऊण साडेसात, मी म्हटलं.
"मग आता उघडली असेल."

मी पंखा बंद केला.
तिनेही बहुतेक टीव्हीचा आवाज कमी केला.
फोन कानाला धरून
आम्ही दोघं
काहीच बोललो नाही थोडा वेळ.