मिठाचं टपाल

विलयांडी गावात डिसेंबरात साडेतीनलाच दिवस मिटतो.
लाकूड वाळवायच्या भट्टीवर माझी रात्रपाळी,
तासातासाला तापमान लिहायचं, मधला वेळ आपला.
त्या वेळात मी मारिकाचा गेम खेळतो.

मारिका, म्हणजे ग्रंथालयात फाटकी पुस्तकं शिवते ती.
पाच वर्षं, बोटांची खळ न धुता,
तिने समुद्राच्या तळाशी एक पोस्ट ऑफिस बांधलं.
पत्रं तिथे पोहतात.
तिकिटं विरघळतात, म्हणून घाईने चाटावी लागतात.
जिने आहेत पुसल्या गेलेल्या पत्त्यांचे :
एकेका पायरीवर गल्लीचं नाव, घराचा नंबर,
पाय ठेवला की आतून कुणी विचारतं, कोण आहे?
आणि पोस्टमन आहे एक खुर्ची.
स्वयंपाकघरातली, साधी, डोक्याच्या जागी कंदील,
चालते तेव्हा चारी पाय चार विचारांत.

पहिल्या रात्री मी तापमान लिहायचं विसरलो.

दुसऱ्या रात्री कळलं, करायचं काय, तर
पत्र धरायचं, वर न्यायचं, ठेवायचं,
खाली यायचं, पत्र धरायचं.
चाळीस वेळा. मग पुढचा मजला, पुन्हा चाळीस.
उडीचं बटण दाबावं, तर खुर्ची
जरा विचार करून उडते,
तोवर पायरी निघून गेलेली.
खेकडे येतात. का येतात, ते खेकड्यांनाही ठाऊक नसावं.
आणि तिसऱ्या मजल्याच्या दारात खुर्ची अडकते,
पाठ आत, पाय बाहेर,
मागे नाही, पुढे नाही, सगळं पहिल्यापासून.
नाकापेक्षा मोती जड, दुसरं काय!
मी माउस आपटला. भट्टीत फळ्या तडतडल्या.

शनिवारी बाजारात ती भेटली,
हातात धुरावलेला मासा, वर्तमानपत्रात गुंडाळलेला.
बघितलंत का काका, म्हणाली.
मी म्हणालो, समुद्र फार सुंदर आहे.
आणि खुर्ची?
माझ्या हातात राईचा पाव होता, मी तो उगाच दाबत राहिलो.
खुर्ची अडकते, म्हणालो.
तिने मासा या हातातून त्या हातात घेतला.
माझीही अडकते, म्हणाली.
तिसऱ्या मजल्यापलीकडे मीच कधी धड गेले नाही.
पण वर नऊ मजले रंगवलेत.
नवव्यावर बर्फ वरच्या दिशेने पडतो.

एकसष्ट जणांनी विकत घेतलाय म्हणे आजवर.
त्यातल्या किती जणांनी तो बर्फ पाहिला
हे मी विचारलं नाही. तिला विचारावं तरी कसं?
वाईट खेळ वाईटच असतो,
बर्फाची शपथ घातली म्हणून बटण ऐकत नाही.
पण माझा भाचा आणतो त्या गेममधली गाडी
एवढी गुळगुळीत पळते
की सकाळी मला रस्त्याचा रंग सांगता येत नाही.
आणि त्या पायऱ्यांवरची घरं मला पाठ आहेत.
नंबर चौदा, दुधाची गल्ली. तिथला आवाज सर्दी झाल्यासारखा.

काल पुन्हा गेलो. पुन्हा दारात अडकलो.
या खेपेला काही आपटलं नाही.
खुर्ची तशीच ठेवली, कंदील मिणमिणत,
आणि भट्टीकडे गेलो. बासष्ट अंश. वहीत लिहिलं.
फळ्यांना ओल्या चहासारखा वास येत होता.

परत आलो, तर दारातल्या खुर्चीवर
एक पत्र येऊन बसलं होतं.
कल्ले हलत होते, हळूहळू, दमल्यासारखे.
चार आठवड्यांत असं कधी पाहिलं नव्हतं.
तिनेच ठेवलंय, की चूक आहे कुठली,
कुठल्या ओळीत एखादा शून्य जास्त पडलाय?

शनिवारी विचारेन. बहुतेक.
तोवर मी बटणाला हात लावला नाही.
मी माझ्या खुर्चीवर, ते तिच्या,
आणि चार वाजता पुन्हा तापमान लिहायचं होतं.