शिकाऊ

लाल टेपचा एल
मागच्या काचेवर जरा तिरकाच चिकटलाय.
परवान्याला आज एकवीस दिवस झाले.
शेजारी पक्क्या परवान्याचा माणूस हवा, असा नियम.
शेजारी मामंजी आहेत.
वय एकाहत्तर, डावा गुडघा गेलेला,
परवाना शाबूत.

परवा कुणीतरी कुठल्यातरी पाटीला काळं फासलं,
तेव्हापासून इकडची एस्टी कागलातच थांबते
आणि तिकडची निपाणीत.
निपाणीत शालनवन्सं, पित्ताशयाचे टाके,
आणि फोनवर "येऊ नका म्हटलं ना",
ज्याचा अर्थ आमच्या घरात सगळ्यांना कळतो.
ह्यांची फौंड्रीत दुसरी पाळी.
म्हणून मी.

उचगावच्या पुलाखाली गाडी दोनदा बंद पडली.
मामंजी काही बोलले नाहीत.
तीस वर्षं कोल्हापूर-बेळगाव मारलेला माणूस
नुसता उजवा पाय दाबतो पायपुसण्यावर,
जिथं ब्रेक नाही.
त्यावरनं मी ओळखायचं.
लग्न होऊन आले तेव्हापासनं हे असंच:
मीठ जास्त झालं की ताटाकडं बघणं,
कमी झालं की माझ्याकडं.

गोकुळ शिरगाव. ट्रक अंगावरून गेल्यासारखे गेले.
कागलच्या स्टँडात एस्ट्या उन्हात उभ्या.
मामंजींनी काच खाली घेतली,
एकेकीचा नंबर ओठांत वाचला.

मग दूधगंगेचा पूल.
मी वाट बघत होते, काहीतरी होईल,
गिअर पडताना होतो तसा एखादा खटका.
काही झालं नाही.
थोडं पुढं गेल्यावर पाट्यांवरची अक्षरं
गोल झाली, एवढंच.

कोगनोळीला काठी आडवी.
खाकीतला पोरगा, मिसरूड नुकतं फुटलेलं,
काचेशी वाकून म्हणाला, "एल्लिगे?"
हो, म्हटलं, एल आहे. मागं चिकटवलाय.
"एल्लिगे?"
एलच की हो, खोटा न्हाई, कागद दाखवू?
पर्स उपसली. परवाना, आधार,
रेशनकार्डाची झेरॉक्ससुद्धा बाहेर.

तेव्हा शेजारून आवाज आला,
"निप्पाणिगे री. मगळ मनिगे."

माझा ब्रेकवरचा पाय सैल झाला,
गाडी वीतभर पुढं सरकली.
बावीस वर्षं एका घरात,
आणि हा आवाज मी ऐकला नव्हता.
पोरगा काय काय विचारत होता,
हे भराभर सांगत होते, हात हलवून,
पोरगा हसला, हे त्याच्याहून मोठ्यानं.
माझ्याकडं बोट करून काहीतरी म्हणाले.
त्यातला एक शब्द हाताला लागला, सोसी.
सोसणारी असेल, म्हटलं.
"सून," ते म्हणाले, काठी वर जाताना.

पुढं दहा किलोमीटर मी तिसऱ्याच गिअरवर होते.
आणि एल्लिगे म्हणजे?
"कुठं."
एलिगे.
"एल्लिगे. दाबून म्हण."
दाबून म्हटलं. क्लच दाबला गेला.
पायपुसण्यावरचा पाय हलला नाही,
का कोण जाणे. विसरले असतील.

शालनवन्सं पोट धरून दारात.
"कोण घेऊन आलं तुम्हांला?"
उत्तर कुणी दिलं नाही.
मामंजी लंगडत गाडीच्या मागं गेले होते,
एलचं सुटलेलं टोक
नखानं दाबून बसवत.