ओळखीची शंभर नावं

जाहिरातीत होतं: ऑफिसातलं काम, बसून, पगार बावीस हजार,
दहावी पास चालेल, गृहिणींना प्राधान्य.
मी बी.कॉम. होते आणि गृहिणीही,
म्हणून इस्त्रीची साडी नेसून मरोळला गेले.
चौथा मजला. लिफ्टमध्ये आरसा.

केयूर सरांनी एकच प्रश्न विचारला:
तुम्हाला माणसं आवडतात ना?
आवडतात, म्हणाले.
मग अडीच हजार भरून घेतले, परीक्षेचे आणि ओळखपत्राचे,
आणि एक वही दिली, एक ते शंभर आकडे आधीच छापलेली.
ओळखीच्यांची नावं लिहा.
सासर, माहेर, बिल्डिंग, शाळा, दूधवाला, कुणाला सोडू नका.
आपल्या माणसांचं आपणच बघायचं असतं.

चाळीसपर्यंत हात भरभर चालला.
पन्नासला आठवली माझ्या लग्नात मेंदी काढणारी.
सत्तरच्या पुढे मी मेलेल्यांजवळ पोचले,
म्हणजे माणसं जिवंत होती, बोलणं मेलं होतं.
शेजारच्या खुर्चीतली निलोफर कुजबुजली,
माझी तर एकतिसालाच संपली, तुझ्यातली दे ना उसनी.
दिली चार.
लग्नाच्या आमंत्रणातूनही गाळलेलीच होती ती.

पगाराचं विचारलं तर सर हसले.
पगार म्हणजे मर्यादा, ताई.
आम्ही तुम्हाला मर्यादा घालत नाही.
खरंच घातली नाही. पहिल्या महिन्यात शून्यही आलं नाही,
उणे आलं: रिक्षा, रिचार्ज,
आणि गिऱ्हाइकाला मीच पाजलेला चहा.

क्रमांक तीन, तोरसकर काका.
बेस्टच्या वडाळा डेपोत तेहेतीस वर्षं
गाड्यांच्या पोटाखाली उताणे झोपून काढलेली.
फॉर्म मी भरला, त्यांचा चष्मा सापडत नव्हता.
प्रश्न सातवा: मधुमेह, रक्तदाब, इतर काही?
साखर आहे की गं थोडी, लिही, ते म्हणाले.
मी गॅलरीत जाऊन सरांना फोन लावला.
थोडी ना? मग थोडी म्हणजे नाही.
'नाही'च्या चौकोनात मी बरोबरची खूण केली.
चुकीच्या जागी केली
तरी मराठीत तिला बरोबरचीच खूण म्हणतात.

काकूंनी त्या दिवशी शिरा केला होता.
माझ्या वाट्याला आले दोन हजार एकशे चाळीस, कर कापून.
मुलीचे शाळेचे बूट घेतले, एक नंबर मोठे,
दोन वर्षं जावेत म्हणून.

बुटांना अजून वर्ष होतं
तेव्हा काकांचा अंगठा काळा पडला.
सायनच्या हॉस्पिटलात तो काढला. बिल चार लाखांच्या वर.
पत्र आलं, माहिती दडवल्यामुळे दावा नामंजूर.
कुणी दडवली ते पत्रात नव्हतं.
सोबत फॉर्मची झेरॉक्स होती, अक्षर माझं.

भेटायला गेले, वाक्यं पाठ करून.
काका पाय उशीवर ठेवून बसले होते.
हप्ता एकदाही चुकवला नाही मी, म्हणाले,
जणू मीच त्यांच्याकडे हिशेब मागायला आले होते.
काकू आत गेल्या. कपबश्यांचा आवाज आला.
चहा आला नाही.

वही माळ्यावर टाकली.
कुणाच्या बारशाला गेले की लोक पर्स घट्ट धरतात,
की मलाच तसं वाटतं, कोण जाणे.

आज दुपारी, कुकरच्या दुसऱ्या शिटीला, फोन वाजला.
नमस्कार मॅडम, मी अस्मिता बोलतेय,
आपल्या माणसांच्या आरोग्याचा कधी विचार केलाय?
इथे ती थांबली. इथे थांबायचंच असतं,
मनात तीन आकडे मोजून. मीही मोजले.
कितवी आहे गं मी तुझ्या वहीत?
पलीकडे पान उलटल्याचा आवाज.
शहाण्णव, ती म्हणाली. आणि मग घाईघाईने,
पण सकाळपासून फोन न कापणाऱ्या तुम्ही पहिल्याच.

अडीच हजार भरलेस का? मी विचारलं.

आता साडेतीन आहेत, ती म्हणाली.