टिक काढली

सेलूच्या कर्णबधिर शाळेत कॉम्प्युटर एकच,
तोही कुठल्याशा पतपेढीतून निवृत्त होऊन आलेला.
मार्चच चालू, तरी पत्रे अकरालाच तापतात.

पाचवीचा धडा: नदी.
व्हिडिओतल्या बाई हातांनी दुधना वाहती करतात,
निदान तसं ठरलेलं.
पडद्यावर चेहरा स्वच्छ, साडीचा काठ स्वच्छ,
आणि बोटांच्या जागी हिरवे चौकोन.
जिथं हालचाल, तिथंच चिखल.

जुनं ग्राफिक्स कार्ड.
नव्या फॉरमॅटमधलं निम्मं कळत नाही त्याला,
पण थांबणं नाही, तापणं नाही,
अंदाजपंचे उलगडत सुटतं,
लग्नात धावत पंगत वाढावी तसं:
पान भरलं ना, मग कुणाला काय मिळालं कोण बघतो.

धम्मदीपनं हातांनी विचारलं,
बाईला बोटं कामून नाहीत?

सेटिंगमध्ये गेलो.
हार्डवेअर डिकोडिंगसमोरची टिक काढली.
आता प्रोसेसर एकटा.
एकेक फ्रेम हातात घेणार, उकलणार, मांडणार.
बोटं आली. दहाच्या दहा. नखंसुद्धा.
पण नदी अडखळत आली,
तीन फ्रेम दाखवायची, दोन गिळायची,
आणि आमच्याकडं गिळलेली फ्रेम म्हणजे
गिळलेला शब्द.
'पूर' गेला, नुसतं 'पाणी' राहिलं.

आवाजाचा ट्रॅक बंद केला, तेवढंच ओझं कमी;
इथं कुणाची तक्रार यायची?
वेग पाऊणपट केला.
बाई सावकाश झाल्या. पूर परत आला.

आतला पंखा मात्र पिठाच्या गिरणीसारखा.
अख्ख्या वर्गात तो ऐकणारा मी एकटा,
असं मी धरून चाललो होतो.
कौसर उठली, कॅबिनेटवर तळवा ठेवला,
आईनं कपाळावर ठेवावा तसा नाही,
मेकॅनिक ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ठेवतो तसा;
तिचे अब्बा पाथरी नाक्यावर तेच करतात.
मग माझ्याकडं बघून खूण केली:
ताप. लई.

गुळगुळीत, पण बोटं नसलेलं,
का बोटांसकट, धापा टाकणारं?
माउस धरून मी उभाच.

टेबलफॅनही वर्गात एकच.
पोरांनी आपसात काय ठरवलं, मला दिसलं नाही,
त्यांच्याकडं पाठ होती माझी.
वळलो, तर फॅनचं तोंड कॉम्प्युटरकडं,
अठरा कपाळं घामानं निथळलेली,
आणि ओल्या हातांनी सगळे
पूर, पूर, पूर करत होते.